‘फायनल’ नावाच्या दोन फायली: डिझाइनचं व्हर्जन कंट्रोल नेमकं कुठे फसतं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसाचे सात-आठ तास माझे गिटमध्ये जातात. कोडची कुठली ओळ कोणी, कधी आणि का बदलली, हे मी दोन मिनिटांत शोधून देऊ शकतो. आणि तरीही माझ्या आत्येबहिणीच्या लग्नाच्या ३०० पत्रिका चुकीच्या मुहूर्तासह छापल्या गेल्या, त्या माझ्यामुळे.

झालं असं, की पत्रिकेचं डिझाइन मी करतो म्हणून मीच हौसेने पुढे झालो. फिग्मात बनवली, पीडीएफ काढली, तिला नाव दिलं ‘पत्रिका-फायनल’ आणि मामेभावाला व्हॉट्सॲपवर पाठवली. त्याचं गावात फ्लेक्स आणि पत्रिका छपाईचं दुकान आहे. दोन दिवसांनी आत्याचा फोन आला, गुरुजींनी मुहूर्त बदललाय, १२:३५ चा ११:४२ केलाय. मी लगेच बदल केला, पुन्हा पीडीएफ काढली. नाव? तेच, ‘पत्रिका-फायनल’. पाठवली आणि खाली लिहिलं, “दादा, ही घे.”

दादा दुकानात व्हॉट्सॲप वेब वापरतो. त्याच्या डाउनलोड्समध्ये पहिली फाइल आधीच होती, म्हणून ब्राउझरने दुसरीचं नाव आपोआप ‘पत्रिका-फायनल (१)’ केलं. दादाला वाटलं, कंसातली म्हणजे चुकून दोनदा उतरलेली कॉपी. त्याने बिनकंसाची उघडली आणि मशीनला लावली. यात त्याची चूक शून्य. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मुहूर्त जवळजवळ तासभर अलीकडे आला होता. म्हणजे पत्रिकेवर विसंबून येणाऱ्या पाहुण्यांना अक्षता नाहीत, थेट पंगत. नव्या पत्रिका छापायला वेळ नव्हता. शेवटी दादाने नव्या वेळेचे छोटे स्टिकर काढून दिले आणि आम्ही चौघं रात्री दोनपर्यंत ते चिकटवत बसलो होतो. आत्या एक शब्द बोलली नाही, चहा तेवढा करत राहिली. त्याने जास्त लागलं.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. फिग्मात माझ्या डिझाइनची पूर्ण हिस्टरी होती. जुना मुहूर्त, नवा मुहूर्त, दोन्ही वेळा, सगळं. तरी काही उपयोग झाला नाही. कारण हिस्टरी मूळ फाइलमध्ये राहते आणि बाहेर जाते ती एक्सपोर्ट केलेली मुकी फाइल. मी कुठल्या व्हर्जनमधून आलेय, हे ती स्वतःहून सांगू शकत नाही.

सेव्ह, अनडू आणि सिंक: तिघांचंही काम वेगळं आहे

व्हर्जन कंट्रोल म्हणजे काय, हे साध्या भाषेत सांगायचं तर तीन प्रश्नांची उत्तरं. आत्ताची खरी फाइल कुठली? आधीच्यापेक्षा हिच्यात काय बदललं आणि कोणाच्या सांगण्यावरून? आणि गरज पडली तर मागे जाता येईल का? ज्या गोष्टीने ही तिन्ही उत्तरं मिळत नाहीत, तिला व्हर्जन कंट्रोल म्हणू नका.

कंट्रोल-झेडने मिळत नाहीत. फोटोशॉपमध्ये हिस्टरी पॅनेल असतं, त्यात साधारणपणे शेवटच्या ५० पायऱ्या दिसतात. आकडा सेटिंगमध्ये वाढवता येतो. पण फाइल बंद केली की ती यादी गेली. उद्या सकाळी उघडाल तेव्हा काल काय केलं होतं ते फोटोशॉपला आठवत नाही.

ऑटोसेव्हनेही मिळत नाहीत. ऑटोसेव्ह तुमचं काम जपतं, तसं तुमची चूकही जपतं, तितक्याच तत्परतेने. एखादा लेयर चुकून उडवला आणि तासाभराने लक्षात आलं, तर मधल्या तासात ते उडवलेलं रूप कितीतरी वेळा इमानदारीत सेव्ह झालेलं असतं.

आणि सिंक. इथे बहुतेक जण फसतात. “माझं सगळं ड्राइव्हवर आहे, टेन्शन नाही.” सिंकचं काम एकच, दोन्हीकडे सारखं ठेवणं. लॅपटॉपवर फाइल डिलीट केली की सिंक ती दुसरीकडूनही डिलीट करतं. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते.

मात्र ड्राइव्हमध्ये एक चांगली सोय आहे, जी फार कमी जणांना माहीत असते. पीएसडी, पीडीएफ किंवा सीडीआर अशा फाइलवर वेबमध्ये राइट क्लिक केलं की ‘मॅनेज व्हर्जन्स’ सापडतं. त्याच फाइलचं नवं रूप तिथून अपलोड केलं, की लिंक तीच राहते आणि जुनं रूप मागे जमा होतं. हे जुनं रूप ३० दिवसांनी किंवा १०० व्हर्जन झाल्यावर पुसलं जाऊ शकतं. म्हणून महत्त्वाच्या व्हर्जनवर ‘कीप फॉरएव्हर’ची खूण करून ठेवायची. पैसे पडत नाहीत, फक्त तुमची स्टोरेजची जागा जाते. मी पीडीएफ पाठवण्याऐवजी अशी लिंक पाठवली असती, तर दादाकडे दोन फायली झाल्याच नसत्या.

मग डिझाइनला गिटच का नाही लावायचं?

हा प्रश्न मला कॉलेजमधली ज्युनियर पोरं हमखास विचारतात. मलाही एकेकाळी पडला होता आणि उत्तर मी ठेचकाळून शिकलो.

गिट २००५ मध्ये लिनस टॉर्वाल्ड्सने लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं. कर्नल म्हणजे काय, तर हजारो फायली, पण सगळा मजकूर. साध्या मजकुरात गिट ओळीओळीने फरक दाखवू शकतं. तुम्ही ४० वी ओळ बदलली आणि मी ९० वी, तर दोन्ही बदल ते आपोआप एकत्र करतं. कमिट करताना तुम्ही एक ओळीचा निरोप लिहिता, तो कायमचा त्या बदलाला चिकटतो. खरी ताकद यात आहे.

पीएसडी किंवा सीडीआर मजकूर नाही, ती बायनरी फाइल. तुम्ही मुहूर्ताचे दोन आकडे बदलले तरी गिटला दिसतं ते एवढंच, की ही फाइल पूर्वीपेक्षा वेगळी आहे. काय बदललं ते सांगता येत नाही. दोघांनी एकाच वेळी बदल केले तर एकत्र करणं दूरच, दोनातली एक निवडा म्हणतं. दुसऱ्याची मेहनत पाण्यात. शिवाय प्रत्येक बदलाला जवळपास पूर्ण फाइल नव्याने साठवली जाते. २०० एमबीची पीएसडी दहा वेळा कमिट केली तर रिपॉझिटरी दोनेक जीबीपर्यंत फुगू शकते. आणि प्रोजेक्टमध्ये नव्याने येणारा प्रत्येक जण ते सगळं ओझं डाउनलोड करतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही आमच्या ॲपच्या सगळ्या पीएसडी गिटमध्ये टाकल्या होत्या. सबमिशनच्या आदल्या रात्री पुश केलं, गिटहबने नकार दिला. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल तिथे चालत नाही. ठीक आहे म्हणून आम्ही ती फाइल डिलीट केली, पुन्हा कमिट केलं, पुन्हा पुश. पुन्हा नकार! अर्धा तास कोणालाच कळेना. फाइल तर दिसत नाही, मग अडतंय कुठे? अडत होतं हिस्टरीत. डिलीट करणं हा गिटसाठी आणखी एक बदल, आधीच्या कमिटमध्ये फाइल जशीच्या तशी होती. शेवटी ते कमिट मागे घेऊन, फाइल बाहेर काढून, नव्याने कमिट केलं तेव्हा सुटलो. मागे जाता यावं म्हणून बनवलेलं टूल सहजासहजी काही विसरत नाही, हे तेव्हा कळलं.

यावर गिट एलएफएस नावाचा उपाय आहे. मोठी फाइल वेगळ्या जागी राहते आणि गिटमध्ये फक्त तिचा पत्ता सांगणारी चिठ्ठी राहते. त्यात फाइलला लॉक लावायची सोयही आहे. म्हणजे मी काम करतोय तोवर दुसऱ्याने हात लावायचा नाही. गेम बनवणाऱ्या टीमला याचा उपयोग होतो. एकट्या माणसाला एवढा खटाटोप करायची गरज नाही, असं माझं मत.

एक अपवाद सांगतो. एसव्हीजी हे चित्र असलं तरी आतून मजकूर असतं. नोटपॅडमध्ये उघडून बघा, रंगाचा कोड, अक्षरं सगळं वाचता येतं. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर त्याच स्वरूपात सेव्ह करतं. लोगो, आयकॉन अशा गोष्टी एसव्हीजीत असतील तर त्या खुशाल गिटमध्ये ठेवा. आणि पीएनजी ठेवली तर गिटहबवर जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून किंवा एकावर एक सरकवून बघता येतं. बघायला मजा येते.

फिग्मा, कॅनव्हा

फिग्मा स्वतःच हिस्टरी ठेवतं. फाइलच्या नावाशेजारचा छोटा बाण दाबा, ‘शो व्हर्जन हिस्टरी’ निवडा, उजवीकडे तारीखवार यादी येते. मोफत खात्यात ३० दिवसांपर्यंतचं मागचं बघता येतं. जुनं व्हर्जन रिस्टोअर केलं तरी आत्ताचं हरवत नाही, तेही यादीत जाऊन बसतं, म्हणून घाबरू नका.

पण ती आपोआप बनलेली यादी म्हणजे नुसत्या तारखा आणि वेळा. तीन आठवड्यांनी ‘मंगळवार दुपारी ४:१०’ला काय केलं होतं ते कोणाला आठवणार? त्यापेक्षा कंट्रोल-ऑल्ट-एस दाबा, मॅकवर कमांड-ऑप्शन-एस. नाव आणि दोन ओळींची टीप लिहायला चौकट येते. मी आता क्लायंटला किंवा घरच्यांना काहीही दाखवायच्या आधी हे करतो. टीपेत ‘बदल केले’ असं लिहू नका, त्याला अर्थ नाही. ‘मुहूर्त १२:३५ चा ११:४२, आत्याचा फोन’ असं लिहा. काय आणि कोणाच्या सांगण्यावरून, दोन्ही आलं.

ब्रांचिंगही फिग्मात आहे, पण ते मोठ्या कंपन्यांच्या महागड्या प्लॅनमध्ये. आपल्यासाठी साधी युक्ती म्हणजे, वेगळा प्रयोग करायचा असेल तर त्याच फाइलमध्ये नवं पेज घ्या, नावात ‘प्रयोग’ लिहा आणि निर्णय झाला की हरलेलं पेज ‘जुनं’ म्हणून तळाशी ढकला. मरून की केशरी, यावर आमच्याकडे चार दिवस चर्चा चालली होती. मरून हरल्यावर तळाशी गेलं आणि लग्नानंतर आभारपत्राला तेच कामी आलं.

कॅनव्हाची व्हर्जन हिस्टरी मी हे लिहितोय तेव्हा तरी पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. मोफत वापरत असाल तर मोठा बदल करायच्या आधी ‘मेक अ कॉपी’ करून जुन्याच्या नावात तारीख टाकायची, एवढाच मार्ग. गबाळा आहे, पण चालतो. फोनवरूनही होतो.

कोरल, फॉन्ट आणि दादाचं दुकान

आता खऱ्या महाराष्ट्रात या. आपल्याकडचे वाढदिवसाचे फ्लेक्स, पत्रिका, दुकानाच्या पाट्या यांतलं बरंचसं काम कोरलड्रॉमध्ये होतं. मुहूर्ताचं प्रकरण झाल्यावर मी दोन रविवार दादाच्या दुकानात बसलो आणि तिथे कळलं की त्याच्या अडचणी माझ्यापेक्षा वेगळ्याच आहेत.

पहिली अडचण फॉन्टची. जुने मराठी फॉन्ट, श्रीलिपीसारखे, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. त्यात फाइलच्या आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फक्त त्या फॉन्टमुळे ते मराठी दिसतात. तोच फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसता कचरा दिसतो. म्हणून दुकानदार काय करतात, तर कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचं कर्व्हमध्ये रूपांतर करतात. आता तो मजकूर राहिला नाही, आकार झाले, कुठेही उघडा, तसेच दिसणार. छपाईसाठी हे बरोबरच आहे.

घोळ पुढे होतो. कर्व्ह केलेली फाइल मूळ फाइलवरच सेव्ह केली, की मजकूर गेला. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक येतं, “तेच डिझाइन ठेवा, फक्त नाव आणि फोटो बदला.” नाव बदलणार कसं? सगळं पुन्हा टाइप करा. दादाने हे इतक्या वेळा केलंय, की तो त्याला कामाचाच भाग समजत होता.

यावर आम्ही एकच नियम केला. मजकूर असलेली फाइल ती मूळ, कर्व्ह केलेली ती छपाईची, आणि मूळ फाइलमध्ये कंट्रोल-क्यू दाबायचं नाही. आधी ‘सेव्ह ॲज’, मग कर्व्ह. नव्या कामाला शक्य तिथे युनिकोड फॉन्ट वापरायचे. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि फ्लेक्सवर झकास दिसतात.

दुसरी अडचण, कोरलच्या जुन्या आवृत्तीत नव्या आवृत्तीची फाइल उघडत नाही. दादाकडे नवं, बाजूच्या गावातल्या मशीनवाल्याकडे जुनं. ‘सेव्ह ॲज’च्या खिडकीत व्हर्जन निवडायची यादी असते, तिथून जुनी आवृत्ती निवडून छपाईची फाइल काढायची. मूळ मात्र नव्यातच ठेवायची, कारण जुन्यात सेव्ह करताना काही इफेक्ट बदलू शकतात.

तिसरी गोष्ट फोटोंची. डिझाइनची फाइल ही पुष्कळदा एक फाइल नसतेच. इनडिझाइनमध्ये फोटो फाइलच्या आत नसतो, त्याचा फक्त पत्ता असतो. फोटोशॉपमध्ये ‘प्लेस लिंक्ड’ केलं तरी तेच. तुम्ही फक्त मूळ फाइल पेन ड्राइव्हवर नेली की समोर रिकाम्या चौकटी. इनडिझाइनला ‘पॅकेज’ आणि कोरलला ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ अशी कमांड आहे. ती फोटो आणि फॉन्ट गोळा करून एका फोल्डरमध्ये ठेवते. काम संपलं की तो फोल्डर म्हणजे तुमचं खरं व्हर्जन, एकटी सीडीआर नव्हे.

जाता जाता, कोरल बंद पडलं आणि काम गेलं असं वाटलं तर आधी ‘बॅकअप_ऑफ’ने सुरू होणारी फाइल शोधा. कोरल ती आपोआप बनवतं. ब्लेंडर वापरत असाल तर ‘ब्लेंड१’ एक्स्टेन्शनची फाइल दिसेल. ती मागच्या सेव्हची प्रत असते, नावातला शेवटचा १ काढला की उघडते. लोक तिला फालतू समजून डिलीट करतात.

आता आम्ही काय करतो

दादाच्या दुकानात प्रत्येक कामाला एक फोल्डर असतो आणि त्यात चार: ‘मूळ’, ‘साहित्य’, ‘दाखवायला’, ‘छपाईला’. ‘मूळ’मध्ये एकच चालू फाइल. ‘साहित्य’मध्ये गिऱ्हाईकाचे फोटो आणि फॉन्ट. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवायचे, नाहीतर व्हॉट्सॲप त्यांचा आकार कमी करतं. ‘दाखवायला’मध्ये जे जे पाठवलं ते सगळं, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. दिवस पुढे लिहिलात तर ०५ मार्च आणि ०५ जून शेजारी येऊन बसतात.

‘छपाईला’मध्ये कायम एकच फाइल. नवी आली की जुनी तिथून हलवायची, बाजूला ठेवायची नाही. मशीनवर बसणारा मुलगा फक्त हाच फोल्डर उघडतो. डाउनलोड्समधून छापायला बंदी.

सोबत एक साधी टेक्स्ट फाइल असते, ‘बदल’ नावाची. गिटमधल्या कमिटच्या निरोपाचा हा गावठी भाऊ. तारीख, काय बदललं, कोणी सांगितलं. दादाने सुरुवातीला कंटाळा केला. मग एका गिऱ्हाईकाने “मी हा फोन नंबर दिलाच नव्हता” म्हणून पैसे अडवले, तेव्हा दादाने ‘बदल’मधली ओळ आणि त्या दिवसाचा व्हॉट्सॲप मेसेज दोन्ही समोर ठेवले. त्यानंतर तो मला विचारायला लागला की मोबाइलवरून यात कसं लिहायचं.

दोघांना एकच फाइल लागली तर काय? दुकानाच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा, “सावंतवाडी बॅनर माझ्याकडे.” काम झालं की “सोडली.” एवढंच. एलएफएसचा लॉक यापेक्षा फार वेगळं काही करत नाही.

आणि सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट मी पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधून उचलली. मिनी ड्राफ्टर सांभाळत काढलेल्या त्या शीटच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असायचा. कारखान्यातल्या खऱ्या ड्रॉइंगवर त्यात रिव्हिजनचा रकानाही असतो. कागद कुठेही गेला तरी तो कितवा हे त्याच्यावरच लिहिलेलं. आम्ही तेच केलं. पानाच्या कापल्या जाणाऱ्या कडेबाहेर, अगदी बारीक अक्षरात, व्हर्जनचा आकडा आणि तारीख. फाइलचं नाव व्हॉट्सॲपने बदलो, ब्राउझरने कंस लावो, कडेचा आकडा बदलत नाही. छापायच्या आधी दादा गिऱ्हाईकाला फोन करतो आणि विचारतो, “तुमच्याकडे कितवं आहे?” दोन्हीकडचा आकडा जुळला तरच मशीन सुरू.

गेल्या महिन्यात त्याच आत्येबहिणीच्या मुलाच्या बारशाची पत्रिका होती. डिझाइन पुन्हा माझ्याकडे आलं. ‘व्हर्जन ४’ पाठवलं तसा पाच मिनिटांत दादाचा फोन, “अरे, आत्याकडे ३ आहे. वेळ कुठली खरी?”

चौथ्यातली खरी होती. आत्याला लिंक पुन्हा पाठवली.